लॉनला कंपोस्टचा पातळ हात

होळी जवळ आली की आमचे माळीमामा कुंपणाशी उभे राहून लॉनकडे बघतात आणि म्हणतात, "ताई, गवत दमलंय. अर्धा ब्रास लाल माती टाकून देऊ, पावसाळ्यापर्यंत गालिचा होतोय बघा." पहिली दोन वर्षं मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये हिशेब कळला. पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या घरापुढचं लॉन जेमतेम ४०० चौरस फुटांचं. त्यावर अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट माती पडली की दीड इंचाचा थर. दोन वर्षांत लॉन पार्किंगच्या फरशीच्या वर चढलं, वळवाच्या पहिल्याच सरीला तांबडा चिखल गाडीच्या चाकांखाली आला, आणि मातीबरोबर फुकट मिळालेला लव्हाळा आजतागायत निघतोच आहे.

तेव्हापासून आमच्याकडे लाल माती बंद. वर्षातून दोनदा चाळलेल्या कंपोस्टचा पाव इंचाचा हात द्यायचा, बस. मामा अजून पुटपुटतात, "एवढंसं टाकून काय होतंय," पण चाळणीचं दुसरं टोक तेच धरतात.

नुकतंच रो-हाउस किंवा तळमजल्याचा फ्लॅट घेतलाय, बिल्डरने लावून दिलेलं लॉन दोन वर्षांत पिवळं पडलंय, अशांना हे काम स्वतः करता यावं म्हणून क्रमाने लिहिते. एक शनिवार-रविवार पुरतो.

खाली काय आहे ते आधी बघा

आदल्या दिवशी पाणी द्या आणि सकाळी एक लांब स्क्रू ड्रायव्हर लॉनमध्ये खुपसून बघा. चार इंच सहज गेला तर तुम्ही नशीबवान. पुण्यातल्या नव्या बांधकामात तो बहुधा दीड-दोन इंचांवर 'टक्क' करून थांबतो. कोपऱ्यात एका ठिकाणी खुरप्याने वीतभर खणा म्हणजे कारण दिसेल: वर तीन-चार बोटं लाल माती, तिच्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एखादी फरशीची कपची, आणि मग मुरूम. जुन्या बंगल्यांत राडारोडा नसतो, पण तिथे काळी माती असते. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिखल होऊन बुटाला चिकटणारी.

त्यात लॉन बहुधा गुंडाळ्यांनी आलेलं असतं. उरुळी कांचनच्या बाजूला शेतात वाढवलेलं गवत मुळांसकट आणि बोटभर मातीसकट कापून टेम्पोत घालतात, इथे आणून अंथरतात. ती बोटभर माती एका जातीची, खालची दुसऱ्याच. दोन्हींचं नातं जमत नाही. मुळं वरच्या चादरीतच फिरत राहतात, आणि एप्रिलचं ऊन लागलं की दोन दिवस पाणी चुकलं तरी गवत करपतं.

कंपोस्टचं काम इथे आहे. पातळ थर टाकला की पाण्याबरोबर तो गवताच्या बुडाशी उतरतो, पावसाळ्यात गांडुळं त्याला खाली ओढतात, आणि चिकट माती हळूहळू भुसभुशीत होत जाते. गवताला अन्नही मिळतं, पण सावकाश. युरियासारखं आठ दिवसांत गडद हिरवं होईल ही अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे पहिला फरक गवताच्या रंगात दिसलाच नाही. पाणी साचायचं थांबलं, तो पहिला फरक.

जिथे चार तासही ऊन येत नाही, म्हणजे आंब्याखाली किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत, तिथे कितीही खत घाला, गवत विरळच राहणार. ती जागा लॉनमधून वगळून तिथे फरशी किंवा सावलीतली झाडं लावा.

कधी करायचं

आपल्याकडचं लॉनचं गवत, मग ते मेक्सिकन असो, कोरियन असो, सिलेक्शन नंबर वन असो की आपली साधी हरळी, उष्ण हवेतलं आहे. थंडीत ते झोपतं. डिसेंबर-जानेवारीत त्यावर थर टाकला तर ते वर येण्याऐवजी गुदमरतं. गवत जोमात वाढत असताना टाकायचं, म्हणजे ते आठ-दहा दिवसांत थरातून डोकं काढतं.

पुण्यात याचे दोन चांगले मोसम. एक, फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य: थंडी सरलेली, ऊन अजून अंगावर येत नाही. दुसरा, गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत: पावसाचा जोर ओसरलेला, जमीन ओली, आणि पुढे ऑक्टोबरचं ऊन. मला हा दुसराच जास्त आवडतो, कारण पाणी कमी लागतं आणि पावसाने घट्ट बसलेली जमीन मोकळी करायची हीच वेळ.

जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. पुण्याच्या वर्षभराच्या पावसातला मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो आणि झड लागली की वरचं खत सरळ चेंबरमध्ये वाहून जातं. शिवाय सतत ओल्या थराखाली गवत कुजतं. एप्रिल-मे तर नकोच. टाकल्यानंतर आठवडाभर रोज दोनदा हलकं पाणी लागतं, आणि खडकवासल्याचा साठा खाली गेल्याच्या बातम्या येत असताना, गुरुवारी नळ कोरडा असताना, लॉनवर पिण्याचं पाणी शिंपडणं मनाला पटत नाही. बोअरचं किंवा सोसायटीच्या प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

खत कोणतं आणि ते पिकलंय का

सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्यात कंपोस्ट मिळायचे मार्ग बरेच. घरच्या बादलीतलं किंवा माठातलं ओल्या कचऱ्याचं खत, सोसायटीच्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यातलं, गांडूळखताचं नर्सरीतलं पोतं, गोठ्यातलं शेणखत. महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे कित्येक सोसायट्यांच्या मागच्या कोपऱ्यात हौद सापडतात. काही चालू असतात, काहींत नुसत्या जुन्या कुंड्या.

माझी पहिली पसंती पालापाचोळ्याच्या खताला. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, पीतमोहराची पानं उन्हाळ्याच्या तोंडी पोत्यांनी पडतात आणि ती लवकर कुजतात. हे खत हलकं, चाळायला सोपं, आणि त्यात मीठ-तेल नसतं. दुसरी पसंती गांडूळखताला, तेही स्वतः बघून घेतलेल्या. पोत्यावर गांडुळाचं चित्र असलं की आत गांडूळखतच असेल असं नाही. मी एकदा घेतलेल्या पोत्यात निम्मी चाळलेली माती निघाली होती. पोतं उचलून बघा: आकाराच्या मानाने फार जड असेल तर आत माती आहे. पाण्याच्या ग्लासात मूठभर टाकून ढवळा, तळाशी वाळू-मातीचा जाड थर बसला की उत्तर मिळालं.

शेणखताबद्दल सावध राहा. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी असते, आणि ती लॉनमध्ये शिरली की गवताची मुळं खाते. मग गवत सतरंजीसारखं हाताने उचलून येतं. चाळताना पांढरी, लठ्ठ, इंग्रजी 'सी'सारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि पुढच्या भागात सहा पाय असलेली अळी दिसली तर ते पोतं लॉनसाठी बाद. याउलट ओल्या कचऱ्याच्या खतात करड्या रंगाच्या, चपट्या, बिनपायाच्या अळ्या वळवळताना दिसतात. त्या कचरा खाणाऱ्या काळ्या माशीच्या. किळस वाटते खरी, पण गवताला त्यांचा त्रास नाही. त्या दिसल्या म्हणजे एवढंच कळतं की खत अजून तयार व्हायचं आहे.

आता सोसायट्यांतल्या मशीनबद्दल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितला आणि ठिकठिकाणी मशीन आली. माझ्या बहिणीच्या सोसायटीतल्या मशीनवाल्याने 'चोवीस तासांत खत' असं छातीठोक सांगितलं होतं. बाहेर पडायचा तो कोरडा, तपकिरी भुगा. दिसायला छान, भाजलेल्या पिठासारखा. ताईने उत्साहाने तो क्लब हाउससमोरच्या लॉनवर पसरला, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी आंबट वास, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि चिलटं, आठवड्यात गवतावर पिवळे चट्टे. व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय झालं ते लिहीत नाही.

झालं काय होतं? कचरा कुजला नव्हता, फक्त वाळला होता. पाणी लागताच कुजायला लागला, आणि कुजताना त्याने जमिनीतला नत्र आणि हवा दोन्ही स्वतःकडे ओढली. आम्ही तो दाताळ्याने खरवडून काढला, वाळक्या पानांत मिसळून ढीग केला, दर आठवड्याला वरखाली केला. पावणेदोन महिन्यांनी तेच खत ऑक्टोबरमध्ये त्याच लॉनवर घातलं आणि काही तक्रार आली नाही. तेव्हा मशीन कुणाचंही असो, त्यातून निघालेला माल ढीग करून निदान महिना-दीड महिना मुरू द्या.

पिकलं की नाही ते ओळखायच्या चार खुणा:

वास घ्या. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा आला पाहिजे. आंबट, अमोनियासारखा झोंबणारा किंवा नुसताच कचऱ्यासारखा आला तर थांबा.

ढिगाच्या पोटात रात्री एक लोखंडी सळई खुपसून ठेवा. सकाळी काढून हात लावा. गरम लागली तर आत अजून भट्टी चालू आहे.

मूठभर खत ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर नाक मुरडावं लागलं तर कच्चं.

आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा हाळिवाची. बाळंतिणीच्या लाडवांसाठी वाण्याकडे मिळतात तेच हाळीव. दोन वाट्या घ्या. एकीत बागेतली माती, दुसरीत तीच माती आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं. दोन्हींत वीस-वीस दाणे टाकून ओलं ठेवा. तीन-चार दिवसांत हाळीव उगवतात. दोन्हीकडे सारखे उगवले, कंपोस्टच्या वाटीतले कोंब ताठ आणि हिरवे असले, तर खत तयार. कंपोस्टच्या वाटीत निम्मेच आले किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली तर आणखी महिनाभर ढिगात राहू द्या. माझ्या सुनेने या वाटीचा फोटो काढून 'आईंचं लॅब' म्हणून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. हसू देत.

किती लागेल

थर पाव इंचाचा, म्हणजे सहा मिलिमीटर. हिशेब सोपा करून ठेवलाय: दर १०० चौरस फुटांना २० लिटरच्या तीन बादल्या. आमच्या ४०० चौरस फुटांना बारा बादल्या लागतात. ओलसर कंपोस्टची एक बादली साधारण १० ते १२ किलो भरते, म्हणजे ४० किलोची तीन-चार पोती. मोठ्या लॉनला ब्रासमध्ये मागवायचं असेल तर एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, पाव इंचाने ४,८०० चौरस फुटांना पुरतं. पुरवठादार 'तुमच्या लॉनला एक ब्रास लागेलच' म्हणाला तर हा आकडा सांगा.

हे माप चाळलेल्या खताचं आहे. न चाळलेलं घेत असाल तर पावपट जास्त घ्या, कारण काड्या, कोय, नारळाची शेंडी असं बरंच मागे राहतं.

साहित्य घरात किंवा शेजारी मिळतं: वाळू चाळायची चाळणी (गाळा बारीक, सहा मिलिमीटरच्या आसपास), घमेलं, फावडं, लोखंडी दाताळं, खराटा, चार दातांचा गार्डन फोर्क, होज पाइपला लावायचा झारीसारखा फवारा. हातमोजे आणि मास्क घ्या. सोसायटीच्या खतात काचेचा तुकडा कधी हाती लागेल सांगता येत नाही, आणि कोरड्या खताची धूळ दमेकऱ्यांना चांगली नाही.

आदल्या दिवशीची तयारी

खत चाळून घ्या. अंगणात जुनी सतरंजी किंवा सिमेंटच्या गोण्या अंथरून चाळणी भिंतीला तिरकी लावा आणि फावड्याने त्यावर टाकत जा. खत फार ओलं असेल तर चाळणीची भोकं बुजतात. दुपारभर सावलीत पसरून ठेवलं की मोकळं होतं. हातात दाबल्यावर मूठ वळावी, पण पाणी गळू नये आणि बोटाने टोचलं की मूठ फुटावी. प्लास्टिकचे तुकडे, दुधाच्या पिशवीचे कोपरे, फळांवरचे चिकटलेले स्टिकर या वेळी वेचून टाका. मुलं लॉनवर अनवाणी खेळतात, म्हणून चाळण्याचा कंटाळा करायचा नाही.

गवत कापा. नेहमीपेक्षा थोडं खाली, साधारण इंचभर राहील असं, आणि कापलेलं सगळं गोळा करा. मग दाताळ्याने लॉन विंचरा. हा शब्द मुद्दाम वापरते, कारण हात तसाच चालला पाहिजे: एकदा उभं, एकदा आडवं, फार जोर न देता. कोरियन आणि मेक्सिकन गवताच्या बुडाशी वाळक्या काड्यांचा नमद्यासारखा थर साचतो, त्यावर टाकलेलं खत मातीपर्यंत पोहोचतच नाही. पहिल्यांदा विंचराल तेव्हा दोन पोती भरून वाळकं निघेल आणि लॉन टक्कल पडल्यासारखं दिसेल. घाबरू नका. ते वाळकं जाळू नका, पुढच्या खताच्या ढिगात घाला.

लव्हाळा आत्ताच काढा, गाठीसकट. नुसती पात ओढली तर खालची गाठ दुप्पट जोमाने फुटते. खुरपं खोल घालून ती काळी गाठ हाताला लागेपर्यंत उकरायचं. आंबोशी आणि दुधी ही तणंही याच वेळी.

संध्याकाळी लॉनला भरपूर पाणी द्या.

भोकं पाडा

सकाळी माती ओलसर पण चिखल न होणारी असेल. काळ्या मातीत हा मधला मुहूर्त गाठणं हीच कसरत: ओली असली तर फोर्क चिखल दाबत जातो, कोरडी असली तर फोर्कच वाकतो. चारेक इंच खोल, सहा-सहा इंचांवर फोर्क रोवा, दांडा किंचित मागेपुढे हलवा, सरळ वर काढा. माती उपटायची नाही, फक्त वाट करून द्यायची. फाटकापासून दारापर्यंत ये-जा होते ती वाट, क्रिकेटची खेळपट्टी, कपडे वाळत घालायची जागा इथे भोकं जवळजवळ पाडा. फोर्क नसेल तर माळ्याकडची टोकदार पहार चालते, वेळ जास्त लागतो. खिळे लावलेल्या चपला ऑनलाइन मिळतात त्या घेऊ नका. वजनाने माती आणखी दाबली जाते, आणि आमच्या शेजारच्या काकांचा पाय त्यात मुरगळला तो निराळाच.

राडारोड्यावरच्या लॉनमध्ये फोर्क मध्येच अडेल. तिथे हट्ट करू नका, दोन इंच शेजारी रोवा. विटेचा तुकडा वर आला तर काढून टाका. वर्षाला एक बादली असे तुकडे मी अजून काढते.

आता खत

दव पूर्ण उतरू द्या. गवताची पात कोरडी हवी, नाहीतर खत तिलाच चिकटून बसतं. पुण्यात मार्चमध्ये साडेनऊ-दहापर्यंत थांबलं की पुरतं.

लॉनचे मनातल्या मनात १०० चौरस फुटांचे, म्हणजे दहा बाय दहाचे चौकोन करा. कोपऱ्यांना चार विटा ठेवा हवं तर. प्रत्येक चौकोनात तीन बादल्या अशा ओता की पाच-सहा छोटे ढीग होतील. एकच मोठा ढीग करून ओढत नेला तर जिथे ओतला तिथे थर जाड राहतो, हमखास. दाताळ्याची उलटी, सपाट बाजू वापरून ढीग पसरा. मग खराटा हातात घ्या आणि झाडल्यासारखं न करता, पातीच्या दोन्ही दिशांनी हलकं फिरवत खत खाली पाडा. भोकांत खत उतरताना दिसतं. भोक बुजलं की थोडं आणखी.

थांबायचं कुठे? उभं राहून बघा. गवताची टोकं दिसली पाहिजेत. सगळीकडे नुसतं काळं दिसत असेल तर जास्त झालं. उचला, ओढा, दुसरीकडे न्या. हात आखडता घेणं जमायला मला दोन मोसम लागले, कारण पोत्यात उरलेलं खत बघून 'टाकूनच देऊया' असं वाटतं. जाड थराखाली ऊन आणि हवा मिळत नाही, पात पिवळी पडते आणि सडते. कमी पडलं तर सहा महिन्यांनी पुन्हा देता येतं.

यात वाळू मिसळायला कुणी सांगेल. क्रिकेटच्या मैदानांवर वाळूचा थर देतात म्हणून तो सल्ला फिरतो. त्या मैदानांखालची माती आणि निचराच वेगळा बांधलेला असतो. आपल्या काळ्या मातीवर नुसत्या वाळूचा थर बसला की पाणी त्या थरातच अडकून राहतं. कोकोपीटही नको, ते सुकल्यावर हलकं होऊन वाऱ्याने पार्किंगभर पसरतं.

निंबोळी पेंड मात्र मी घालते, १०० चौरस फुटांना अर्धा किलो, चाळलेल्या खतात मिसळूनच. युरिया वगैरे त्याच दिवशी देऊ नका.

पाणी आणि पुढचे पंधरा दिवस

पहिलं पाणी फवाऱ्याने, पाऊस भुरभुरल्यासारखं. होज पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धार मारली तर सगळं खत फरशीकडे वाहील. पातीवरचं खत धुऊन खाली गेलं की पुरे. पुढचा आठवडा सकाळी आणि ऊन कलल्यावर हलकं पाणी, म्हणजे थर वाळून त्याची पापडी होत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून नेहमीचं.

चार-पाच दिवस लॉनवर पाय ठेवू नका. दोरी बांधली तरी कुत्रा ऐकत नाही, हा अनुभव आहे. गवत दीड-दोन इंच झालं की, साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी, पहिली कापणी करा आणि गवत कापायच्या मशीनचं पातं नेहमीपेक्षा एक खाच वर ठेवा, कारण राहिलेला खडा पात्याची धार घालवतो.

साळुंक्या येतील. खतातले किडे टिपतात, टिपू देत. पण महिन्या-दोन महिन्यांनी एकाच जागी त्या चोचीने खणून खणून माती उपसायला लागल्या आणि तिथलं गवत हाताने उचलून आलं, तर खाली हुमणी आहे. चौकोनी फूटभर जागा उकरून अळ्या मोजा आणि वेचा. जास्त असतील तर कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ओल्या मातीत संध्याकाळी द्यायची. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. तुमच्या दारात कडुनिंब असेल तर त्या दिवसांत फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

पावसाळ्यात लॉनवर मातीच्या शेवयांचे छोटे ढिगारे दिसतात. ती गांडुळांची देणगी. सुकल्यावर खराट्याने पसरा. आमच्याकडे पहिले असे ढिगारे दिसले तेव्हा मामांनी औषध मारायला पंप काढला होता.

खड्डे असतील तर

लॉनमध्ये जिथे पाणी साचतं तिथे नुसतं कंपोस्ट भरू नका. ते वर्षभरात जिरून बसतं आणि खड्डा परत येतो. तिथे तुमच्याच बागेतली चाळलेली माती दोन भाग आणि कंपोस्ट एक भाग असं मिश्रण घ्या आणि एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त भरू नका. गवत त्यातून वर आलं की महिन्याने पुढचा अर्धा इंच. खड्डा दोन इंचांहून खोल असेल तर हा खेळ वर्षभर चालेल. त्यापेक्षा फावड्याने गवताची लादी तीन बाजूंनी कापून उलटी दुमडा, खाली माती भरा, लादी परत बसवून पायाने दाबा.

चाळणीवर उरलेल्या काड्या आणि कोयी मी कढीपत्त्याच्या आळ्यात टाकते. चाळलेलं एक बादली खत झाकून बाजूला ठेवते. दिवाळीत पाहुण्यांच्या मुलांनी फटाके लावून जाळलेल्या चट्ट्यांवर ते लागतं.